टायमिंग चेन झिजते कुठे?

जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर पहाटे थंड असताना चालू केली की पुढच्या बाजूने, पंख्याच्या मागून, खडखड आवाज येतो. इंजिन तापलं, जरा रेस दिली की तो दबतो. पाय काढला की पुन्हा येतो. मालक हळूहळू त्या आवाजाला सरावतो. मग कधीतरी गाडी चढावर दम टाकायला लागते, पेट्रोल जास्त खाते, आणि मिस्त्री सांगतो, ‘चेन लांबली, बदलून टाकू.’ इथून खरी अडचण सुरू होते. दुकानात दोन-तीन प्रकारच्या चेन समोर येतात. एक स्वस्त, एक महाग, एक ‘डबल’. जाड दिसते ती टिकाऊ, असं समजून बहुतेक जण निवड करतात. माझ्या मते ही निवड चुकीच्या जागेवर नजर ठेवून होते.

लातूर-नांदेडकडे वाड्याच्या ढाळजेत, शेतातल्या आखाड्यावर, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात अशा गाड्या अजून आहेत. काहींना त्या विकायच्या नाहीत, चालवायच्या आहेत. त्यांच्यासाठी हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी लागते. म्हणून क्रँकवरच्या लहान गरारीला जितके दात, त्याच्या दुप्पट कॅमवरच्या मोठ्या गरारीला. दोघींना जोडते ती टायमिंग चेन. पिस्टन वर-खाली होताना कोणता व्हॉल्व्ह नेमका केव्हा उघडावा आणि मिटावा, हे या जोडणीवर ठरतं. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलीमीटर बोअर आणि ७५ मिलीमीटर स्ट्रोक असलेलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० चं हे इंजिन बनत राहिलं. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या घराण्यातलं. दोन्हींत कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नाही, खाली ब्लॉकमध्ये आहे आणि पुशरॉडने व्हॉल्व्ह उघडतात. त्यामुळे क्रँक आणि कॅम जवळजवळ असतात आणि चेन आखूड असते. हे आपलं भाग्यच म्हणायचं, कारण लांब चेनपेक्षा आखूड चेन सांभाळायला सोपी.

प्रत्येक जुन्या गाडीत ही चेन असतेच असं नाही. युद्धकाळातल्या विलिस जीपला चेन होती. युद्ध संपल्यावर विलिसने त्याच इंजिनात चेन काढून दातेरी चाकं बसवली, आणि महिंद्राची जुनी पेट्रोल जीप त्याच वळणाची. तिच्या पुढच्या बाजूने आवाज आला तर चेन शोधण्यात अर्थ नाही. मारुती ८०० ला रबरी पट्टा आहे, त्याचं गणित वेगळं. तेव्हा सुटा भाग मागवण्याआधी आपल्या इंजिनात काय आहे ते नक्की करावं.

आता चेनकडे वळू. चेन ‘लांबते’ म्हणजे तिच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जातात, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. पट्ट्या जवळपास आहे तशाच राहतात. झीज होते ती सांध्यात, म्हणजे पिन आणि तिच्यावर फिरणारी बुश यांच्यामध्ये. ९.५२५ मिलीमीटर, म्हणजे इंचाच्या तीन अष्टमांश पिचची, शेजारच्या दोन पिनांत तेवढं अंतर असलेली चेन जुन्या इंजिनांत फार आढळते. तिच्या एकेका सांध्यात एक दशांश मिलीमीटरपेक्षा किंचित कमी, माणसाच्या केसाच्या जाडीएवढी झीज झाली, की अख्खी चेन एक टक्का लांब भरते. ५२ कड्यांची चेन असेल तर तिची मूळ लांबी ४९५ मिलीमीटर. एक टक्का म्हणजे सुमारे पाच मिलीमीटर.

सांध्यातली ही झीज आटोक्यात आणणारा हान्स रेनॉल्ड हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला माणूस १८७३ साली मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने तिथला कापडगिरण्यांसाठी चेन बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला. त्या काळच्या चेनमध्ये पिन थेट पट्टीच्या भोकात फिरायची. पट्टी पातळ असायची. सगळा भार त्या अरुंद कडेवर यायचा आणि पिनेला खाचा पडायच्या. रेनॉल्डने १८८० मध्ये दोन आतल्या पट्ट्यांच्या मध्ये एक नळी घट्ट बसवली. हीच बुश. आता पिन त्या नळीच्या पूर्ण लांबीवर टेकू लागली. नळीवरून सुटा फिरणारा रोलर गरारीच्या दाताला भेटू लागला. आज तीन अष्टमांश इंच पिचच्या एकेरी चेनमध्ये पिनचा व्यास ३.२८ मिलीमीटर असतो आणि पिन-बुशचं टेकण्याचं क्षेत्र सुमारे २८ चौरस मिलीमीटर. नुसत्या दोन पट्ट्यांवर भार असता तर ते याच्या जेमतेम एक तृतीयांश राहिलं असतं. म्हणजे चेनच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा पट्टी जाड करून झाली नाही. ती सांध्यातला टेकू वाढवून झाली. चेन निवडताना आपणही नजर तिथेच ठेवायला हवी.

दुकानदार पुष्कळदा चेनच्या ताकदीचं सांगतात. याच मापाच्या एकेरी चेनला तुटण्यासाठी प्रमाणित किमान भार ८.९ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ९०० किलो लागतो. कॅमशाफ्ट फिरवताना चेनवर येणारा ताण त्याच्या जवळपासही जात नाही. चांगल्या स्थितीतली टायमिंग चेन ताणाने तुटण्याचं कारणच नाही. ती आधी झिजते, मग ढिली पडते, मग फटके मारते, आणि अशा फटक्यांनी थकून शेवटी तुटते. तेव्हा ‘ही जास्त मजबूत आहे’ या वाक्याने टिकाऊपणाबद्दल फारसं काही कळत नाही.

झीज इतकी का होते, हे आकड्यांत पाहिलं की चेनबद्दल आदर वाटतो. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायचं म्हटलं तर जुन्या गाडीला अडीच तास लागतात असं धरू. बालाघाटाचा चढ-उतार धरून इंजिन सरासरी मिनिटाला २५०० फेऱ्या फिरलं, तर एका प्रवासात क्रँकच्या पावणेचार लाख फेऱ्या झाल्या. लहान गरारीला २० दात असतील तर ७५ लाख कड्या तिच्यावरून सरकल्या. ५२ कड्यांच्या चेनने जवळपास १ लाख ४४ हजार वेळा पूर्ण प्रदक्षिणा घातली. एका प्रदक्षिणेत प्रत्येक सांधा चारदा वाकतो-सुटतो: लहान गरारीवर चढताना, उतरताना, मोठीवर चढताना, उतरताना. म्हणजे लातूर ते नांदेड एका खेपेत प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये पावणेसहा लाख वेळा घासली जाते. इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तेव्हा कव्हरच्या आत चेन ताशी ४५ किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. हे सगळं पेलतो तो पिन आणि बुशमधला तेलाचा एक पातळ थर.

झालेली झीज दोन प्रकारे बोलते. चेनची ओढणारी बाजू ताठ असते, दुसरी सैल. वाढलेली सगळी लांबी सैल बाजूला जमा होते. वर गृहीत धरलेल्या इंजिनात दोन गरारींमधला मोकळा पट्टा साधारण ९५ मिलीमीटरचा भरतो. त्यात पाच मिलीमीटर जादा लांबी शिरली तर पट्टा पाच मिलीमीटर झुकत नाही. भूमितीने तो सेंटिमीटरभराहूनही अधिक बाहेर फुगतो. म्हणून एक टक्का झिजलेली चेनही कव्हरला घासू शकते. कव्हर उघडल्यावर आतल्या पत्र्यावर चकचकीत ओरखडा दिसला तर खडखडीचं कारण तेच.

दुसरा परिणाम ऐकू येत नाही. ओढणाऱ्या बाजूच्या दहा-एक कड्या लांबल्यामुळे मोठी गरारी तेवढी मागे राहते. एक टक्का झिजेला कॅम जवळजवळ एक अंश, म्हणजे क्रँकच्या हिशेबात पावणेदोन-दोन अंश मागे पडतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, आणि एवढ्याने गाडी बंदही पडत नाही. पण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कधी मागे रेटतात, कधी पुढे ढकलतात. चेन ढिली असेल तर प्रत्येक ढकलीसरशी कॅम पुढे-मागे डोलतो. डिस्ट्रिब्यूटरही याच कॅमशाफ्टवरून फिरतो, त्यामुळे ठिणगीसुद्धा डोलते. इंजिन मंद फिरताना अडखळतं ते यामुळे.

गाडी ओढत नाही अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय डिस्ट्रिब्यूटर फिरवून इग्निशन पुढे घेण्याचा असतो. गाडी लगेच बरी वाटते. ठिणगी जागेवर आली, पण व्हॉल्व्ह उशिराच उघडत राहिले. म्हणजे चेनची झीज झाकली गेली. चेन ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरचंही असंच आहे. तो सैल बाजूचा आवाज दाबतो, ओढणारी बाजू लांबल्याने झालेला उशीर त्याला भरून काढता येत नाही. आवाज नाही म्हणून चेन चांगली, हा निष्कर्ष धोक्याचा आहे.

कव्हर न उघडता परीक्षा घेता येते. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढा, स्पार्क प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू एका दिशेला फिरवा, रोटर हलू लागला की थांबा आणि पुलीवर खडूने खूण करा. आता उलट दिशेला फिरवा आणि रोटर पुन्हा हलेपर्यंत पुली किती अंश फिरली ते पाहा. चार-पाच अंशांची मोकळीक जुन्या इंजिनात चालते. दहाच्या पुढे गेली तर कव्हर उघडायची वेळ आली. यात डिस्ट्रिब्यूटरच्या गिअरची मोकळीकही मिसळलेली असते, म्हणून अधिक नेमकं हवं असेल तर रोटरऐवजी व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकरची हालचाल पाहावी. आणखी एक साधी गोष्ट करावी. पंख्याचा पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवावं. आवाज गेला तर दोष वॉटर पंप किंवा डायनॅमोच्या बेअरिंगमध्ये आहे. तो चेनच्या नावावर घालून उगाच इंजिन खोललं जाऊ नये.

चेन काढल्यावर ती रॉकेलने स्वच्छ धुवून टेबलावर ताठ ओढा आणि २४ कड्या मोजा, एका पिनच्या कडेपासून २५ व्या पिनच्या त्याच कडेपर्यंत. नव्या चेनला हे माप २२८.६ मिलीमीटर येतं. २३०.९ आलं तर एक टक्का झीज झाली. साखर कारखान्याच्या गव्हाणीतून ऊस वाहून नेणाऱ्या चेनला किंवा मळणी यंत्राच्या चेनला दोन-तीन टक्के झिजेपर्यंत चालवतात, आणि बेअरिंग सरकवून ती ताणून घेता येते. लातूर पट्ट्यातल्या फिटरांना ते हिशेब पाठ असतात. टायमिंग चेनला ते लावू नयेत. इथे दोन्ही शाफ्टांमधलं अंतर ब्लॉकमध्ये कायमचं ठरलेलं आहे. एक टक्का ही माझ्या लेखी शेवटची मर्यादा आहे, आणि इंजिन एरवीही खोललेलं असेल तर अर्ध्या टक्क्यालाच मी चेन बदलेन.

आता खरेदी. नांदेडचे लोक सिकंदराबादच्या राणीगंजला जातात, लातूरचे पुण्याच्या नाना पेठेला. पद्मिनीच्या सुट्या भागांचा बाजार एके काळी मुंबईच्या टॅक्सींच्या मागणीवर तरला होता. नोंदणीत राहिलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. रोज हजारोंनी खपणारा माल आता राहिलेला नाही. त्यामुळे जुना साठा, नवी छोट्या कारखान्यांतली चेन आणि नामांकित कंपनीच्या डब्यातली नकली चेन हे तिन्ही एकाच फळीवर सापडतात.

मी पहिल्यांदा बुशबद्दल विचारेन. बुश दोन तऱ्हेने बनते. पोलादी पट्टी गुंडाळून, तिच्या लांबीवर एक सांधरेषा ठेवून; किंवा अखंड, बिनसांध्याची. अखंड बुश जास्त गोल असते, पिन तिच्यात सर्व बाजूंनी सारखी टेकते, तेलाचा थरही नीट बसतो. गुंडाळलेल्या बुशमध्ये सुरुवातीची झीज लवकर होते. अडचण ही की बुश रोलरखाली झाकलेली असते, बाहेरून दिसत नाही. दिसतो तो रोलर. त्याच्यावर उभी सांधरेषा असेल तर रोलर गुंडाळलेला आहे, आणि मग बुश अखंड असण्याची आशा मी तरी धरणार नाही. खात्रीसाठी बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकावर अवलंबून राहावं लागतं. चेन्नईची टीआय डायमंड आणि रोलॉन नावाने चेन विकणारी कोइमतूरची एलजीबी या दोन भारतीय कंपन्यांना चेनच्या कामाचा दीर्घ अनुभव आहे. त्यांच्याकडे आपल्या मापाची चेन आहे का, हे त्यांच्या वितरकाकडे मोजमापासह विचारणं डब्यावरचं चित्र पाहण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पिनचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट हवा. त्यासाठी पोलादाला वरून कार्बन पाजून कडक करतात. अधिक चांगल्या चेनमध्ये पिनवर क्रोमियम किंवा व्हॅनेडियम कार्बाइडचा अतिशय कठीण थर देतात. मळलेल्या तेलात असा थर दिलेली पिन फार उजवी ठरते, आणि आपल्या गाड्यांचं तेल मळतंच. काही जण पिनच्या टोकावर कानस फिरवून कडकपणा पाहतात. ती परीक्षा फसवी आहे. रिव्हेट करता यावी म्हणून पिनची टोकं पुष्कळदा मऊ ठेवलेली असतात. खरं पाहायचं असेल तर जुन्या काढलेल्या चेनची एक पिन ठोकून बाहेर काढावी आणि तिचा मधला भाग बघावा. किती खाच पडली, चकाकी राहिली का, बुशच्या आत सांधा आहे का, हे सगळं त्या एका कडीत वाचता येतं. आपल्या इंजिनाची जुनी चेन किती किलोमीटर चालली हे ठाऊक असेल, तर याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

कारखान्यात चेन बनल्यावर तिला एकदा ठरावीक भाराने ताणतात, म्हणजे पिन, बुश, पट्ट्या आपापल्या जागी बसतात. हे केलं नसेल तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच चेन सैल होते. दुकानात ही गोष्ट दिसत नाही, पण एक अंदाज घेता येतो. चेन आडवी, पट्ट्यांची बाजू जमिनीकडे करून दोन्ही टोकांना धरा. नवी चांगली चेन थोडीच बाजूला झुकते. धनुष्यासारखी लोंबली तर पिन-बुशमध्ये सुरुवातीपासूनच ढिलाई आहे. मग एकेक सांधा बोटांनी वाकवून पाहा. सगळे सारखे मोकळे हवेत, अडकणारा एकही नको. प्रत्येक पट्टीवर नाही तरी काही पट्ट्यांवर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक ठसठशीत उमटलेला हवा. पिवळसर किंवा तांब्याच्या रंगाचा मुलामा दिसायला छान असतो, झिजेशी त्याचा संबंध नाही.

लॉकची कडी असलेली चेन बसवायला सोपी, कारण गरारी काढावी लागत नाही. टायमिंगसाठी मी बंद रिव्हेटची अखंड चेनच घेईन. लॉक वापरावाच लागला तर त्याच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावं. अर्धी कडी घालून लांबी जुळवणं मात्र कधीच नको. ती वाकडी कडी चेनचा सर्वांत दुबळा भाग असते.

एकेरी की दुहेरी, हा प्रश्न आता विचारू. दुहेरी चेनमध्ये टेकण्याचं क्षेत्र दुप्पट, म्हणून प्रत्येक चौरस मिलीमीटरवरचा दाब निम्मा. सांधे तेवढ्याच दर्जाचे असतील तर ती खरोखर जास्त टिकते, हे मान्यच आहे. ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या चार-सिलिंडर इंजिनांत हा बदल जगभर करतात, आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डचं ट्रायम्फ घराण्यातलं इंजिन त्यातलंच. पण गुंडाळलेल्या बुशची स्वस्त दुहेरी चेन आणि अखंड बुशची, कडक पिनची एकेरी चेन यांत निवड असेल तर मी एकेरी घेईन. शिवाय दुहेरी घ्यायची म्हणजे दोन्ही गरारी नव्या, कव्हरमध्ये जागा आहे का ते पाहणं, पुढची तेल फेकणारी चकती बसते का ते तपासणं आलं. मूळ इंजिनालाच दुहेरी चेन असेल तर स्वस्त पडतं म्हणून एकेरीवर उतरू नये. मूळ एकेरी असेल आणि गाडी महिन्याला दोनदा बाहेर निघत असेल, तर चांगली एकेरी पुरेशी आहे.

पन्नास वर्षांवरील गाडीसाठी केंद्र सरकारचा २०२१ चा नियमही इथे आठवावा. मूळ रूपात राखलेल्या, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. ज्यांना तो घ्यायचा आहे त्यांनी ब्लॉक किंवा कव्हर कापून दुहेरी चेन बसवण्याच्या फंदात न पडलेलं बरं.

हैदराबाद संस्थानाच्या काळात इकडे अमेरिकी गाड्याही आल्या. एखाद्या जुन्या घराण्याकडे डॉज असेल तर तिच्यात रोलर नसलेली, उलट्या दातांच्या पट्ट्यांची रुंद चेन निघू शकते. हीसुद्धा रेनॉल्डचीच, १८९५ ची कल्पना. ती शांत चालते. साठच्या दशकापासून काही अमेरिकी इंजिनांत आवाज आणखी कमी करायला मोठ्या गरारीवर नायलॉनचे दात दिले गेले. वय झाल्यावर हे दात तडकतात आणि तुकडे तेलाच्या चेंबरमध्ये पडून तेलाची जाळी तुंबवतात. अशी गरारी दिसली तर चेन कशीही असो, गरारी आधी पोलादी किंवा बिडाची करावी.

गरारी आणि चेन हा जोड एकत्रच बदलायचा. जुन्या गरारीचे दात एका बाजूला आकड्यासारखे झुकलेले असतात, लांबलेल्या चेनच्या पिचला त्यांनी स्वतःला जुळवून घेतलेलं असतं. त्यावर नवी चेन चढवली तर सगळा भार एक-दोन दातांवर येतो आणि महाग चेन वर्षभरात जुनी होते. टेन्शनरची पट्टी किंवा रबरही त्याच वेळी नवं घालावं. दोन्ही गरारी एका रेषेत आहेत का, हे पोलादी पट्टी टेकवून आणि फीलर गेज घालून पाहावं. अँबॅसडरच्या इंजिनात फरक असेल तर क्रँकच्या गरारीमागच्या पातळ चकत्या कमी-जास्त करून तो काढता येतो. हे काम दहा मिनिटांचं असतं आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

चेन कितीही चांगली आणली तरी तेल बिघडलं की तिचं आयुष्य संपतं, आणि आपल्या भागात तेल बिघडायची कारणं खास आहेत. पहिलं धूळ. मुरुमाच्या रस्त्यावरची बारीक बेसाल्टची भुकटी एअर फिल्टरमधून शिरली की तेलात मिसळून पिन-बुशमध्ये पॉलिशसारखं काम करते. जुन्या तेलाच्या वाटीच्या फिल्टरमधलं तेल कित्येक वर्षं कुणी बदललेलं नसतं. दुसरं कारण नवं आहे. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या साखर कारखान्यांतूनही हे इथेनॉल बनतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाडीच्या पेट्रोल पंपातला पडदा जुन्या जातीच्या रबराचा असतो. इथेनॉलने तो फुगतो, तडकतो. हा पंप कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे पडद्यातून झिरपलेलं पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, पिनवरचा थर टिकत नाही. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नये. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा घालून तेल बदलावं.

महिन्यातून एकदा पाच मिनिटं गाडी जागेवर चालू करून बंद करणं, ही सवयही चेनला मारक आहे. इंजिन तापत नाही, आत पाण्याचा अंश आणि पेट्रोल साचतं. त्यापेक्षा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी. तेल २०डब्ल्यू-५० जातीचं, जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेलं खनिज तेल घ्यावं. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा असताना ते उपयोगी पडतं. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा ते बदलावं. कव्हर उघडलेलं असेल तेव्हा चेनवर तेल सोडणारं बारीक छिद्र तारेने साफ करायला विसरू नये. ते तुंबलेलं असेल तर सगळी निवड वाया गेली.

बसवण्याआधी नवी चेन रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावी. पडून राहिलेला जुना साठा असेल तर दोन दिवस, आणि बाहेर काढल्यावर गंजाचा तांबूस रंग तेलात उतरला तर ती चेन परत करावी. गरारींवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवावी, टेन्शनर सोडावा, मग हाताने क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या देऊन खुणा पुन्हा जुळतात का पाहावं. कव्हरचं सील नवं. प्लग काढलेले असतानाच स्टार्टरवर इंजिन फिरवून तेलाचा दाब येऊ द्यावा आणि त्यानंतरच ठिणगी जोडावी. इग्निशन नव्याने लावावं लागतं, कारण डिस्ट्रिब्यूटर अजून जुन्या चेनच्या उशिराला जुळवलेला असतो. पाचशे किलोमीटरनंतर तेल काढून पांढऱ्या कापडावर गाळावं. पोलादाचे चमकते कण दिसले नाहीत, तर रोटरची मोकळीक पुन्हा अंशांत मोजून तारीख आणि किलोमीटरसह गाडीच्या वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी तुलना त्या आकड्याशी करता येईल.